बडोद्यातल्या घराचा भाव खरोखर किती वाढला? मोजायची रीत, पायरीपायरीने

दांडिया बाजारातलं घर १९७५ मध्ये ४० हजारांना घेतलं आणि २०२५ मध्ये त्याचे ६० लाख आले, असं कोणी सांगितलं की ऐकणारा थक्क होतो. दीडशे पट! पण पन्नास वर्षांत दीडशे पट म्हणजे वर्षाला साधारण १०.५ टक्के. वाईट नाही, पण दीडशे पट ऐकून डोळ्यांसमोर जे उभं राहतं तेवढंही नाही. उलट दहा वर्षांत ‘फक्त दुप्पट’ झालेला गोत्रीचा फ्लॅट वर्षाला ७.२ टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि त्याचा मालक मात्र हळहळत असतो.

हे गणित सोपं आहे, फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर होतं. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते. एका बाजूला सुपर बिल्ट-अपचा (जिना, लिफ्टचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रफळाचा) भाव घेतलेला असतो, दुसऱ्या बाजूला कार्पेटचा (घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा). एक आकडा दस्तावेजावरचा (नोंदलेल्या खरेदीखतावरचा), दुसरा दलालाच्या तोंडचा. म्हणून खालच्या पायऱ्यांत आकडेमोडीपेक्षा आकडे गोळा करण्यावर जास्त भर आहे. घरांच्या किमतींची सगळी उदाहरणं समजण्यापुरती आहेत. कर, जंत्री (सरकारने ठरवलेला किमान दर) आणि महागाई निर्देशांकांचे आकडे मात्र खरे आहेत.

पायरी १ : नेमकं काय मोजायचं ते ठरवा

‘माझ्या घराची किंमत किती वाढली’, ‘आमच्या भागात भाव किती वाढले’ आणि ‘घरात पैसे घालून मला काय सुटलं’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला एकाच घराचे दोन भाव पुरतात. दुसऱ्याला बरेच व्यवहार लागतात. तिसऱ्यात स्टॅम्प ड्युटी, व्याज, मेंटेनन्स, भाडं सगळं येतं. वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न लिहून ठेवा. अर्ध्या वाटेवर तो बदलतो आणि मग आकडे जुळत नाहीत.

पायरी २ : क्षेत्रफळ एकाच मापात आणा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून वेळही इथेच घालवा.

बडोद्यात फ्लॅट सांगतात चौरस फुटांत, आणि तेही सुपर बिल्ट-अप. जुने प्लॉट कधी वारात सांगितले जातात. जंत्री चौरस मीटरवर असते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, १ चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट. दीडशे वारांचा प्लॉट १,३५० चौरस फुटांचा.

खरी अडचण सुपर बिल्ट-अपची आहे. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, क्लब हाउस यांचा वाटा मिसळलेला असतो आणि तो किती धरायचा हे बिल्डर ठरवतो. जुन्या तीन मजली इमारतीत लिफ्टच नसायची, त्यामुळे हा वाटा कमी होता. नव्या उंच स्कीममध्ये तो खूप वाढला. समजा २०१२ चा एक फ्लॅट सुपर १,००० आणि कार्पेट ७५० चौरस फूट, किंमत २० लाख. शेजारच्या नव्या स्कीममधला २०२४ चा फ्लॅट सुपर १,२५० आणि कार्पेट ७२०, किंमत ४५ लाख. सुपरवर भाव २,००० वरून ३,६०० झाला, म्हणजे १.८ पट, वर्षाला ५ टक्के. कार्पेटवर तोच भाव २,६६७ वरून ६,२५० झाला, म्हणजे २.३४ पट, वर्षाला ७.४ टक्के. तेच दोन फ्लॅट, तेच पैसे! नुसतं माप बदललं आणि वर्षाला अडीच टक्क्यांचा फरक पडला.

तेव्हा सगळं कार्पेटवर आणा. २०१७ नंतर नोंदलेल्या प्रकल्पांचं कार्पेट गुजरात रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने सापडतं. जुन्या फ्लॅटसाठी टेप घ्या. रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची आणि डक्ट धरत नाहीत. म्हणून प्रत्येक खोली प्लास्टर ते प्लास्टर मोजून बेरीज केली की काम संपत नाही. आतल्या भिंतींच्या जाडीचा भागही मिळवावा लागतो. दोन बेडरूमच्या घरात आतल्या भिंतींची लांबी चाळीस फूट आणि जाडी प्लास्टरसह साडेपाच इंच धरली तर अठरा चौरस फूट होतात. शिवाय जुन्या घरात बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली असली तर ती वेगळी लिहा. ती कार्पेट नव्हे, विकणारा काहीही म्हणो.

पायरी ३ : भाव कोणता, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा

एका घराचे पाच भाव असू शकतात: जाहिरातीतला, ठरलेला, बानाखतातला (म्हणजे साठेखतातला), दस्तावेजावरचा आणि जंत्रीचा. बँकेच्या व्हॅल्युअरने लावलेला सहावा. यांतला कुठलाही वापरता येतो, फक्त दोन्ही टोकांना तोच हवा.

जाहिरातीतला भाव म्हणजे मागणी. ती सहज वर जाते आणि खाली यायला वर्ष-वर्ष घेते. मंदीत मागणी तशीच राहते आणि घरं विकली जात नाहीत. जुन्या वर्षांच्या जाहिराती हाताशी नसल्या तर आजची जाहिरात आणि तेव्हाचा दस्तावेज अशी जोडी लावायचा मोह होतो. लावू नका, वाढ फुगून येते.

जंत्री हा तर बाजारभाव नाहीच. स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला तो किमान दर आहे. गुजरातेत २०११ ची जंत्री बारा वर्षं चालली. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये वाढ जाहीर झाली आणि ती १५ एप्रिल २०२३ पासून लागू झाली: जमिनीचे दर दुप्पट, बांधलेल्या राहत्या घरांचे १.८ पट. जंत्रीवरून आलेख काढला तर बारा वर्षं सपाट रेघ आणि मग एक कडा दिसतो. बाजारात तसं काहीच झालं नव्हतं.

याचा दस्तावेजावरच्या रकमेवरही परिणाम होतो. स्टॅम्प ड्युटी लागते ती दस्तावेजातली रक्कम आणि जंत्री यांत जी जास्त असेल तिच्यावर. ज्या व्यवहारांत कागदावर कमी रक्कम लिहायची रीत होती, तिथे कागदावरचा आकडा जंत्रीला चिकटून राहतो आणि जंत्रीबरोबर उडी मारतो. म्हणून १५ एप्रिल २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे दस्तावेज सरळ एका रेघेत ओढू नयेत. दोन्ही काळांतले आकडे वेगवेगळ्या रंगांत लिहा आणि जोडायच्या आधी जंत्रीशी ताडून पाहा. रक्कम जंत्रीच्या अगदी जवळ असेल तर ती नोंद बाजूला काढा, जंत्रीच्या बरीच वर असेल तर विश्वास ठेवायला हरकत नाही. तसंच, ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराला जून २०१३ पासून १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या आयकरापोटी आधीच कापायची रक्कम) कापावा लागतो, आणि तो टाळायला कागदावरची रक्कम ५० च्या खाली ठेवलेली असू शकते. तुमच्या यादीत ४९ लाखांवर आकड्यांची रांग लागलेली दिसली, तर बाजारच तिथे थांबला असा निष्कर्ष काढू नका.

पायरी ४ : नोंदी कुठून आणि कशा घ्यायच्या

इंडेक्स-टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हा कागद मिळवायचा. तो सब-रजिस्ट्रार कचेरीतून मिळतो, आणि गुजरात सरकारच्या ‘गरवी’ या संकेतस्थळावरही अर्ज करता येतो. कागद गुजरातीत असतो. बडोद्यात वाढलेल्याला त्याची अडचण नाही, पण पुण्याहून नव्याने आलेल्यांनी शेजाऱ्याला हाताशी धरावं. त्यात बघायच्या गोष्टी: दस्त क्रमांक आणि वर्ष, करून दिल्याची आणि नोंदणीची तारीख, मोबदल्याची रक्कम (गुजरातीत ‘अवेज’), मिळकतीचं वर्णन आणि क्षेत्रफळ. फ्लॅटच्या दस्तावेजात क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, आणि त्याच्या जोडीला जमिनीतला अविभाज्य हिस्सा वेगळा दिलेला असतो. घाईत हा हिस्साच घराचं क्षेत्रफळ म्हणून उतरवून घेतला जातो. त्यामुळे प्रति फूट भाव दुप्पट-तिप्पट निघतो, आणि गंमत म्हणजे त्याचा कोणाला संशयही येत नाही, कारण ‘भाव वाढलेत’ हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

तारखेचंही असंच. चालू बांधकामातला फ्लॅट २०१९ मध्ये बुक झाला, बानाखत तेव्हाच झालं आणि दस्तावेज झाला २०२२ मध्ये, तर तो भाव २०१९ चा आहे. नोंदणीची तारीख धरली की बाजार तीन वर्षं झोपला होता असं दिसतं. शक्य तिथे बानाखताची तारीख घ्या.

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक व्यवहार: भाव ठरल्याची तारीख, दस्ताची तारीख, सोसायटी, मजला, लिफ्ट आहे की नाही, बांधकामाचं वर्ष, कार्पेट, रक्कम, भावाचा प्रकार, त्या वेळची जंत्री, शेरा. रकमेत जीएसटी, पार्किंग, फर्निचर, मेंटेनन्स डिपॉझिट धरलंय का ते शेऱ्यात येऊ द्या. चालू बांधकामावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. बडोद्यासारख्या शहरात ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घरावर १ टक्का. बी.यू. (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परवानगी मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. तुलना करताना तो दोन्हीकडून काढून टाकलेला बरा.

यादीतून काय वगळायचं? नात्यातले व्यवहार, बक्षीसपत्रं, हक्क कमी केल्याचे लेख (हक्कसोडपत्रं), बँकेच्या लिलावातल्या विक्री, अर्धा हिस्सा विकलेली घरं. ज्या भागांना अशांत धारा (अशांत ठरवलेल्या भागांतल्या मिळकतींच्या विक्रीवरचा गुजरातचा कायदा) लागू आहे तिथे विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तिथले व्यवहार रेंगाळतात, म्हणून त्यांची यादी वेगळी ठेवा.

पायरी ५ : सारख्याशी सारखं

भागाची सरासरी काढून ती दरवर्षी कशी वाढली हे पाहणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. एका वर्षी वासणा-भायलीत मोठ्या स्कीम विकल्या गेल्या की सरासरी वर जाते, पुढच्या वर्षी छोटे फ्लॅट विकले की खाली येते. कुठल्याच घराचा भाव हललेला नसतो. सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे सगळे भाव चढत्या क्रमाने लावून मधला. त्यामुळे एखाद्या पेंटहाउसने गणित बिघडत नाही. पण विकल्या जाणाऱ्या घरांचा प्रकारच बदलला तर मध्यकही फसतो.

यावरचा जुना आणि चांगला उपाय म्हणजे तेच घर दोनदा विकलं गेलं असेल तर त्याच्याच दोन किमती घेणं. बेली, मूथ आणि नूर्स या तिघांनी १९६३ मध्ये याची संख्याशास्त्रीय रीत मांडली, आणि पुढे केस आणि शिलर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांसाठी ती वापरात आणली. आपल्याला एका सोसायटीपुरतं ते हातानेही जमतं. समजा सारख्याच दोन बेडरूमचे तीन फ्लॅट आहेत. पहिला २०१५ मध्ये २० लाखांना आणि २०२० मध्ये २५ ला गेला: १.२५ पट. दुसरा २०२० मध्ये २४ आणि २०२५ मध्ये ३४ : १.४२ पट. तिसरा २०१५ मध्ये २१ आणि २०२५ मध्ये ३८ : १.८१ पट. पहिल्या दोघांचा गुणाकार १.७७ येतो, तिसरा सांगतो १.८१. हे जुळतं. २०१५ ला १०० धरा, तर २०२० ला १२५ आणि २०२५ ला (१.७७ आणि १.८१ यांच्या मधला आकडा) साधारण १७९. जुळलं नसतं तर जोडीतली गडबड शोधायची: मध्ये स्वयंपाकघर, बाथरूम नवी केली होती का, विकणारा परदेशी जायच्या घाईत होता का.

या रीतीची एक खोट आहे. मधल्या दहा वर्षांत घर दहा वर्षांनी जुनं झालेलं असतं. म्हणजे बाजार जेवढा वाढला त्यापेक्षा आकडा थोडा कमीच दिसतो. नव्या फ्लॅटची जुन्याशी तुलना केली की उलटी चूक होते.

बडोद्यासाठी एक खास सूचना. विश्वामित्रीचं पाणी २०१९ आणि २०२४ च्या पुरात ज्या सोसायट्यांत शिरलं आणि ज्यांत नाही, त्यांना एका यादीत घालू नका. तळमजला आणि दुसरा मजला हेसुद्धा अशा ठिकाणी दोन वेगळे बाजार आहेत. तसंच भायली, सेवासी, बिल ही गावं २०२० मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आली. तिथल्या वाढीत पाणी, ड्रेनेज आणि रस्त्यांच्या अपेक्षेचा वाटा आहे, तो मांजलपूरच्या वाढीशी ताडून उपयोग नाही.

टेनामेंट असेल तर जमीन आणि बांधकाम वेगळं काढा

फ्लॅटवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी सोडू नये, कारण बडोद्यातली कितीतरी मराठी घरं टेनामेंटमध्येच, म्हणजे स्वतःच्या प्लॉटवरच्या छोट्या घरांतच आहेत. जमीन वाढते, बांधकाम झिजतं. दोन्ही एकत्र मोजलं की काहीच कळत नाही.

२०१० मध्ये नवं टेनामेंट २५ लाखांना, प्लॉट १,५०० चौरस फूट, बांधकाम १,२०० फूट. तेव्हाचा बांधकामाचा खर्च फुटाला ९०० धरला तर १०.८ लाख, जमिनीचे राहिले १४.२ लाख. २०२५ मध्ये तेच घर ८५ लाखांना गेलं. आज तसंच बांधायला फुटाला १,९०० धरले तर २२.८ लाख लागतील. पण घर पंधरा वर्षं जुनं आहे. साठ वर्षांचं आयुष्य धरून चौथा हिस्सा वजा केला की १७.१ लाख. जमिनीचे झाले ६७.९ लाख. आता पाहा: पूर्ण घर वर्षाला ८.५ टक्क्यांनी वाढलं, जमीन ११ टक्क्यांनी. शेजारचं चाळीस वर्षांचं टेनामेंट आणि नवं डुप्लेक्स यांची तुलना करायची असेल तर या जमिनीच्या आकड्यानेच करावी. बांधकामाचा दर त्या त्या वर्षीचाच घ्या, आजचा दर मागे नेऊ नका.

पायरी ६ : टक्के काढा

नवी किंमत भागिले जुनी किंमत. उत्तराचा ‘१ भागिले वर्षं’ इतका घात. त्यातून १ वजा. फोन आडवा धरला की बऱ्याच कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण दिसतं; स्प्रेडशीटमध्ये घाताचं चिन्ह शिफ्ट आणि सहा दाबून येतं, आणि ‘१ भागिले वर्षं’ला कंस विसरू नका.

फ्लॅट जून २०१५ मध्ये २२ लाख, मार्च २०२५ मध्ये ४१ लाख. काळ ९.७५ वर्षं. ४१ भागिले २२ म्हणजे १.८६४. वर्षाला ६.६ टक्के. एकूण वाढ ८६ टक्के, तिला पावणेदहाने भागून ८.८ टक्के म्हणणं चूक, कारण दरवर्षीची वाढ आधीच्या वाढलेल्या किमतीवर होते. आणि निर्देशांक वाचताना: १५० वरून १६५ म्हणजे १५ टक्के नव्हे, १० टक्के.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे हाती काय पडलं यासाठी, खर्च घाला. गुजरातेत स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. खरेदीदार फक्त महिला असेल तर नोंदणी फी माफ. २२ लाखांवर १,२९,८०० रुपये, दलाली १ टक्का धरून आणखी २२ हजार. विकताना पुन्हा १ टक्का दलाली. आता २३.५२ लाखांचे ४०.५९ लाख झाले: ५.८ टक्के. भाडं, मेंटेनन्स आणि कर्जाचं व्याज अजून यात नाही. ते वेगळ्या ओळीत.

पायरी ७ : महागाई वजा करा

सहज मिळणारा आकडा म्हणजे आयकर खात्याचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स: २००१-०२ चा १००, २०१५-१६ चा २५४, २०२४-२५ चा ३६३. वरच्या उदाहरणात ३६३ भागिले २५४ म्हणजे १.४२९. १.८६४ ला १.४२९ ने भागा: १.३०४. महागाई सोडून वाढ वर्षाला २.८ टक्के.

पण हा निर्देशांक ग्राहक किंमत निर्देशांकाच्या वाढीचा फक्त तीन चतुर्थांश भाग धरतो. म्हणजे त्याने वजा केलेली महागाई कमी असते आणि घर जास्त चमकतं. पूर्ण महागाई इथे वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास धरली तर खरी वाढ दीड टक्क्यावर येते. गंभीरपणे मोजायचं असेल तर शहरी ग्राहक किंमत निर्देशांकच घ्या, फक्त त्यातला ‘गृहनिर्माण’ हा गट नको. तो भाड्यांवर बेतलेला आहे, घरांच्या किमतींवर नाही.

सरकारी निर्देशांकाशी ताळा

राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ २००७ पासून आहे आणि सध्याच्या ५० शहरांत बडोदा येतं. २०१७-१८ ला १०० धरलेली मालिका तिमाहीवार मिळते, कार्पेटच्या तीन गटांत: ६० चौरस मीटरपर्यंत, ६० ते ११०, आणि ११० च्या वर. आपल्या घराचा गट निवडा. त्यात दोन निर्देशांक आहेत: एक बँकांनी कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनावर, दुसरा चालू बांधकामातल्या घरांच्या बाजारभावांवर. पुनर्विक्रीच्या घरासाठी पहिला. तो कर्जावर घेतलेल्या घरांपुरताच बोलतो, आणि आकडे मागच्या तिमाहींशी मिसळून गुळगुळीत केलेले असतात, म्हणून बाजारातली अचानक हालचाल त्यात उशिरा दिसते. २०१२-१३ च्या पायावरची जुनी मालिका नवीला जोडायची असेल तर दोन्हींत असलेली एक तिमाही शोधा, तिथला नव्या मालिकेचा आकडा जुन्या मालिकेच्या आकड्याने भागा आणि जुन्या सगळ्या आकड्यांना त्या उत्तराने गुणा. नुसती एकाखाली दुसरी चिकटवली तर जोडावर खोटी पडझड दिसते. रिझर्व्ह बँकेच्या घरभाव निर्देशांकात गुजरातमधून अहमदाबाद आहे, बडोदा नाही. अहमदाबादचा आकडा इथल्या घराला लावू नका.

तुमचा आकडा आणि रेसिडेक्स यांत वर्षाला एक-दीड टक्क्याचा फरक असेल तर सोडून द्या, शहर मोठं आहे. तीन-चार टक्क्यांचा असेल तर आधी क्षेत्रफळाचा रकाना पुन्हा तपासा, मग भावाच्या प्रकाराचा. सहा महिन्यांत आठ-दहाहून कमी व्यवहार हाती असतील तर सहामाही आकडा काढूच नका, वर्षाचा काढा. एप्रिल ते जून २०२० ची तिमाही तर कोरी सोडलेलीच बरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या जंत्रीचा मसुदा हरकतींसाठी जाहीर झाला होता. नवे दर ज्या दिवशी लागू होतील ती तारीख शीटमध्ये आडवी रेघ मारून लिहा आणि तिच्या पुढच्या दस्तावेजांना तिसरा रंग द्या.